रोख भरली आणि खातं थांबलं: आधी विचारा, कोणी थांबवलं?

अमुक रकमेच्या वर रोख भरली की खातं बंद होतं, असा एकही कायदा भारतात नाही. पाच लाख भरा, पंचवीस लाख भरा. पैसा तुमचा असेल आणि तो कुठून आला हे दाखवता येत असेल, तर त्यात बेकायदा काहीच नाही. तरी आपल्या इंदूरात हे सारखं घडतं. सियागंजातला दुकानदार सोमवारी गल्ला भरतो आणि बुधवारी त्याने दिलेला चेक परत येतो. रामबागेतल्या काकू कपाटात साठवलेली रोकड खात्यात टाकतात आणि आठवड्याने एटीएममधून दोन हजारसुद्धा निघत नाहीत. घरात घबराट होते. कोणी म्हणतं इन्कम टॅक्सवाल्यांनी पकडलं, कोणी थेट ईडीचं नाव घेतं. आणि शेजारचं कोणीतरी सांगतं, पुढच्या वेळी थोडेथोडे भरा, कोणाला कळणार नाही.

हा शेवटचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. आपलं शहर रोखीवर चालणारं आहे. धान्य मंडी, चोइथराम मंडी, कापड मार्केट, सराफा, सगळीकडे आजही नोटा मोजल्या जातात. ज्यांचा पैसा घामाचा आहे तेच लोक भीतीपोटी अशा वाटेने जातात की कागदावर ते संशयित दिसू लागतात. म्हणून खातं का थांबतं, कोण थांबवतं आणि थांबलं तर कुठल्या दारात जायचं, हे नीट समजून घेऊ.

पन्नास हजारांचा आकडा

बँकेत गेलं की लोक ४९,००० ची स्लिप लिहितात. ही सवय आली ती आयकर नियम १९६२ मधल्या एका नियमावरून. एका दिवसात ५०,००० रुपयांहून जास्त रोख भरायची असेल तर पॅन लिहा, असं तो सांगत होता. तेवढंच. पन्नास हजारांच्या वर भरू नका, असं त्यात कुठेच नव्हतं. भरणाऱ्याची ओळख लिहून घ्या, एवढाच हेतू. लोकांनी मात्र 'याच्यापुढे धोका' असा अर्थ लावून घेतला, आणि तो इतका पक्का बसला की खिशात पॅनकार्ड असलेला माणूससुद्धा स्लिप तोडून भरतो.

दरम्यान सरकारची मोजायची पद्धत बदलली. मे २०२२ मध्ये नवा नियम आला. एका आर्थिक वर्षात, सगळ्या खात्यांची बेरीज करून, २० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली अथवा काढली, तर पॅन किंवा आधार द्यावाच लागेल, असं तो सांगत होता. त्याही आधीपासून बँका दर वर्षी आयकर खात्याला एक विवरण पाठवतात. बचत खात्यांमध्ये वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोख आली, किंवा चालू खात्यात ५० लाखांवर गेली, की ते नाव त्या विवरणात येतं. ही माहिती तुम्हालाही दिसते. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या लॉगिनमध्ये 'वार्षिक माहिती विवरण' उघडलं की बँकेने काय कळवलं ते समोर येतं. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय आहे, आणि रोखीचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने ते वर्षातून एकदा तरी उघडून बघावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तिसरी मोजणी मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं रोखणाऱ्या कायद्याखाली होते. १० लाखांवरचा प्रत्येक रोख व्यवहार बँक दिल्लीतल्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवते. आणि इथेच स्लिप तोडणाऱ्यांचं गणित कोसळतं. एकमेकांशी जोडलेले छोटे व्यवहार एका महिन्यात मिळून १० लाखांवर गेले, तर तेही कळवायचे असतात.

आता दोन माणसं घ्या. एक कापडवाला दिवाळीच्या हंगामातली विक्री एकदम भरतो, १०,७८,००० रुपये. त्याच्याकडे बिलबुक आहे, जीएसटीचं विवरण आहे. बँकेतून एक नेहमीचा अहवाल जातो, शाखेने विचारलंच तर तो बिलं दाखवतो, विषय संपला. दुसरा त्याच रकमेच्या ४९,००० च्या बावीस स्लिपा करतो. काही या शाखेत, काही त्या शाखेत, काही मशीनमध्ये. महिन्याची बेरीज तीच येते, १०,७८,०००. पण त्याच्या खात्यात आता बावीस नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद पन्नास हजारांच्या अगदी खाली थांबलेली आहे. बँकेची संगणक प्रणाली नेमका हाच आकार शोधत असते, कारण पैसा लपवणारे असंच भरतात. पहिल्या माणसाला बँक फार तर एक प्रश्न विचारेल. दुसऱ्याने लपवण्याचा इरादा स्वतःच्या हाताने लिहून दिला, मग पैसा कितीही खरा असो.

रक्कम तुमच्या ओळखीत बसते का?

खातं उघडताना आपण एक फॉर्म भरतो. व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, खातं कशासाठी वापरणार. बहुतेक जण तो कर्मचाऱ्याला भरायला देतात आणि खाली सही करतात. पुढे वर्षानुवर्षं बँक तुम्हाला त्या फॉर्ममधून ओळखते. त्यात 'गृहिणी, वार्षिक उत्पन्न एक लाख' असं लिहिलं असेल आणि खात्यात दर सोमवारी चाळीस हजार रोख येत असतील, तर प्रणालीत सूचना उठते. त्या ताई सुदामानगरात खानावळ चालवतात, पन्नास डबे रोज जातात, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असतं. बँकेच्या कागदाला माहीत नसतं.

उपाय अगदी साधा आहे आणि फार थोडे लोक तो करतात. धंदा सुरू झाला की शाखेत जाऊन व्यवसाय आणि उत्पन्न बदलून घ्या. धंद्याची रोख बचत खात्यात टाकू नका, चालू खातं उघडा. बचत खात्यात धंदा चालवणं हे खातं अडकण्याचं अतिशय नेहमीचं कारण आहे.

याच जातीचा दुसरा प्रकार आपल्या मराठी वस्त्यांत दर भाद्रपदात होतो. गणेशोत्सवाची वर्गणी जमते, बरीचशी रोख, आणि मंडळाचं स्वतंत्र खातं नसल्यामुळे खजिनदार ती आपल्या बचत खात्यात टाकतो. मंडपवाला, मूर्तिकार, प्रसाद यांचे पैसे त्याच खात्यातून जातात. माणूस शंभर टक्के प्रामाणिक असतो. पण कागदोपत्री पंधरा दिवसांत त्याच्या नावावर काही लाख रोख आली आणि लगेच निघूनही गेली. पैसा येतो आणि न थांबता बाहेर जातो, ही खूण बँकेच्या नजरेत वाईट. उद्या आयकराने विचारलं तर ती रक्कम त्याचंच उत्पन्न नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागेल. मंडळाची नोंदणी, मंडळाचं पॅन, मंडळाचं खातं आणि पावतीपुस्तक एवढं केलं की खजिनदाराच्या घरची झोप टिकते. सेवा करणाऱ्या माणसावर ही वेळ येऊ देणं मंडळाला शोभत नाही.

भिशीचंही असंच. वर्षाअखेर लाख-दीड लाख एकदम हातात येतात. कोणी किती भरले आणि कधी नंबर लागला याची वही ठेवा, तारखांसकट. अनौपचारिक असली तरी ती वही काहीही नसण्यापेक्षा फार बरी.

बँक गप्प का बसते

एखादा व्यवहार खटकला तर बँक त्याच वित्तीय गुप्तवार्ता विभागाला 'संशयास्पद व्यवहार अहवाल' पाठवते. त्याला रकमेची अट नाही, वीस हजारांवरही जाऊ शकतो. असा अहवाल पाठवला हे ग्राहकाला सांगायला कायद्याने बंदी आहे. म्हणून शाखेतला मॅनेजर कधी कधी नुसता 'वरून आलंय' म्हणतो आणि नजर टाळतो. दर वेळी ती मग्रुरीच असते असं नाही.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती ग्राहकांना कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख-पत्ता पटवून घेण्याच्या) निर्देशांत स्पष्ट लिहिलं आहे की केवळ संशयास्पद अहवाल पाठवला म्हणून खात्याच्या व्यवहारांवर बंधन घालायचं नाही. म्हणजे 'संशय आला म्हणून थांबवलं' एवढं उत्तर पुरेसं नाही. खातं थांबलं असेल तर त्यामागे ठोस कारण हवं. एक तर केवायसीतली त्रुटी, नाहीतर कोणत्या तरी यंत्रणेचा लेखी आदेश.

थांबवणारे कोण कोण

सगळ्यात आधी बँक स्वतः. बहुतेकदा गोष्ट इथेच संपते. केवायसी ठराविक काळाने नव्याने द्यावी लागते. कमी जोखमीच्या ग्राहकाला दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्या आठ वर्षांनी, जास्त जोखमीच्या दोन वर्षांनी. मुदत उलटून गेलेली असते, कोणाचं लक्ष नसतं, आणि मोठी रोख आली की फाइल उघडली जाते. पॅन किंवा त्याऐवजीचा फॉर्म दिलेला नसेल, तर नोटीस देऊन बँक व्यवहार तात्पुरते थांबवू शकते.

दोन वर्षं स्वतः एकही व्यवहार न केलेलं खातं निष्क्रिय होतं. आजोबांनी असं विसरलेलं खातं शोधून काढून त्यात शेतीचे पैसे टाकले, तर अडचण येणारच. ते चालू करायला केवायसी द्यावी लागते, शुल्क मात्र नाही.

अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या 'छोट्या खात्यां'च्या मर्यादा तर लोकांना माहीतच नसतात. शिल्लक कधीही ५०,००० च्या वर नको, वर्षभरात जमा एक लाखाच्या वर नको, महिन्याला काढणं १०,००० च्या वर नको. घरकाम करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या कितीतरी जणांची खाती अशी उघडली गेली. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले साठ हजार भरले आणि खातं अडकलं, की त्या बाईला वाटतं बँकेने पैसे खाल्ले. तिच्याबरोबर कोणीतरी शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून दिली तर प्रश्न सुटतो. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींसाठी एक सकाळ एवढं करता येईल.

मग पोलीस. गेल्या काही वर्षांत खाती थांबण्याचं हे फार मोठं कारण झालं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा केरळात किंवा तेलंगणात एखाद्याला ऑनलाइन फसवलं. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. त्याचे पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेलेले असतात. २०२१ पासून असलेल्या प्रणालीतून ही सगळी साखळी बँकांना कळते आणि वाटेत आलेल्या प्रत्येक खात्यात ती रक्कम, काही वेळा पूर्ण खातंच, रोखलं जातं. त्या साखळीच्या शेवटी छप्पन दुकानच्या बाजूला मोबाइल विकणारा आपला दुकानदारही असू शकतो. ठगाने चोरीच्या पैशातून यूपीआयने त्याच्याकडून फोन घेतला, एवढाच त्याचा संबंध.

रोखीचा इथे जवळचा संबंध आहे. ठगांना ऑनलाइन पैशाची रोकड करायची असते. 'भैया, दहा हजार यूपीआय करतो, रोख द्या, वर दोनशे ठेवा,' असं म्हणणारा अनोळखी माणूस नेहमीच गरजू नसतो. उलटा प्रकारही होतो. कोणीतरी मशीनमधून तुमच्या खात्यात रोख भरतो आणि फोन करून सांगतो, चुकून आले, या नंबरवर पाठवा. पाठवू नका. बँकेला लिहून द्या आणि बँकेलाच परत करू द्या.

भंवरकुआं भागात शिकायला राहणाऱ्या मुलांबद्दल मला खरी काळजी वाटते. पाच-दहा हजार रुपयांच्या बदल्यात खातं, एटीएम कार्ड आणि सिम वापरायला द्या, असा प्रस्ताव त्यांच्यापर्यंत पोचतो. मुलाला वाटतं, आपलं खातं तर रिकामंच आहे, जाणार काय? पण त्या खात्यात कोणाच्या तरी आयुष्याची पुंजी येऊन रोखीने निघून जाते, आणि आरोपी म्हणून नाव खातेदाराचं लागतं. दूर राज्यातले पोलीस इथे येतात, अटक होते. घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर आज रात्रीच त्यांच्याशी बोला.

पोलिसांना हा अधिकार आहे का? आहे. बँक खातं ही मालमत्ता आहे आणि तपासात ती ताब्यात घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात ठरवलं. १ जुलै २०२४ पासून हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. त्याच कलमात अशी जप्ती मॅजिस्ट्रेटला तातडीने कळवण्याची सक्तीही आहे, आणि वकिलाला सगळ्यात आधी हाच मुद्दा तपासायला सांगा. खातं किंवा रक्कम मोकळी करून मागण्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे कलम ५०३ खाली करता येतो. वाद पाच हजारांचा आणि अडकले पाच लाख, असं असेल तर फक्त वादातलीच रक्कम अडवून ठेवा, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्याचा आधार घेऊन बोलता येतं. आपल्याला उच्च न्यायालयासाठी जबलपूर गाठावं लागत नाही, खंडपीठ इथेच आहे.

आयकर खातं मात्र नुसती रोख भरली म्हणून खातं गोठवत नाही. ते आधी विचारतं. नोटीस येते, उत्तराला मुदत मिळते. खात्यावर टाच येते ती सहसा कर थकला आणि वसुली सुरू झाली तर, छापा पडला तर, किंवा करनिर्धारण चालू असताना माणूस मालमत्ता हलवेल अशी शंका आली तर. जीएसटी अधिकाऱ्यांनाही महसूल वाचवण्यासाठी खातं तात्पुरतं जप्त करता येतं, पण तो आदेश एक वर्षाने आपोआप संपतो, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार अत्यंत कठोर असल्याचं सांगून जपून वापरायला बजावलं आहे. ईडीची तात्पुरती जप्ती १८० दिवसांची, पुढे निर्णय प्राधिकरणाने कायम केली तरच टिकते. ही प्रकरणं गंभीर असतात आणि वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये. साध्या रोख भरण्यातून तिथवर सहसा गोष्ट जात नाही.

शाखेत गेल्यावर

पहिलं काम, नक्की काय थांबलंय ते विचारा. 'लियन' किंवा 'होल्ड' म्हणजे ठराविक रक्कम अडवली, बाकीची वापरता येते. 'डेबिट फ्रीज' म्हणजे पैसे येतील पण निघणार नाहीत. पूर्ण फ्रीज म्हणजे आवकजावक दोन्ही बंद. यात फार फरक आहे. होल्ड असेल तर घरखर्च चालतो. डेबिट फ्रीज असेल तर त्याच दिवशी पगार, भाडं, पेन्शन दुसऱ्या खात्याकडे वळवा, नाहीतर तेही आत जाऊन अडकतात.

दुसरं, हे सगळं लेखी मागा. आदेश कोणत्या यंत्रणेचा, पत्राची तारीख काय, क्रमांक काय, रक्कम किती, तपास अधिकारी कोण आणि त्यांचा ईमेल कोणता. सायबर तक्रार असेल तर तिचा पोचक्रमांक. हे कळल्याशिवाय कुठेही धावू नका. लोक महिना महिना इथल्या ठाण्यात चकरा मारतात आणि तक्रार असते हैदराबादची. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

दूरच्या पोलिसांचा आदेश निघाला तर लगेच रेल्वेचं तिकीट काढायची गरज नसते. आधी ईमेलने लिहा. तो व्यवहार कशाचा, बिल कोणतं, ग्राहकाशी काय बोलणं झालं, ओळखपत्र, त्या महिन्यांचं खात्याचं विवरण. खरा व्यवहार असेल तर अधिकारी बँकेला हरकत नसल्याचं कळवू शकतात. नाही कळवलं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज आहेच.

अडवणूक बँकेचीच असेल, केवायसी देऊनही खातं सुरू होत नसेल, तर शाखेनंतर बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोलिसांच्या किंवा करखात्याच्या आदेशात मात्र लोकपाल हात घालत नाही.

याच काळात एक फोन येण्याची शक्यता असते. 'तुमचं खातं रोख रकमेमुळे फ्रीज झालंय, इतके भरा, मोकळं करून देतो,' किंवा 'चौकशी होईपर्यंत पैसे या सुरक्षित खात्यात ठेवा.' हे ठग असतात. कुठलाही खरा अधिकारी खातं सोडवण्यासाठी फोनवर पैसे मागत नाही आणि सरकारचं 'सुरक्षित खातं' नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे दोनदा सांगा.

पैसा कुठून आला, हे सांगणारे कागद

नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, ज्या पैशाचा खुलासा करता येत नाही त्यावरचा कर ६० टक्के केला गेला, वर २५ टक्के अधिभार. कपाटातली रोकड खरी असूनही तिचा कागद नसेल तर काय होऊ शकतं, याचा अंदाज यावरून येतो.

शेतकऱ्याचं बघू. सांवेर किंवा देपालपूरहून सोयाबीन, गहू घेऊन मंडीत आलेल्या माणसाचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते शेतीचंच आहे हे दाखवावं लागतं. मंडीचं अनुबंध पत्र, तौल पर्ची, भुगतान पत्रक आणि शेताचा खसरा (जमिनीचा सरकारी उतारा), हे चार कागद एका पिशवीत घालून ठेवा. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच सौद्यापोटी, दोन लाख किंवा जास्त रोख घेणं बेकायदा आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होतो. शेतमालालाही ही मर्यादा लागते. दोन लाखांच्या आतली रोख चालते, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं होतं. त्याच्या वरचा सौदा असेल तर व्यापाऱ्याला हक्काने खात्यात टाका म्हणून सांगा.

घर किंवा प्लॉट विकताना याहून कडक नियम आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यावर रोख घ्यायचीच नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. म्हणून 'प्लॉटचे अर्धे रोखीत आले होते' हे खरं उत्तरसुद्धा नवं संकट आणतं. अशा ठिकाणी आपल्या मनाने काही लिहून देण्याआधी सीएकडे जा.

लग्नातल्या आहेराच्या पाकिटांची यादी आपल्याकडे असतेच, कारण पुढे परत आहेर करायचा असतो. ती यादी, पत्रिका आणि हॉलचं बिल जपून ठेवा आणि लग्नानंतर लवकर भरा. दोन वर्षांनी भरलेली रोकड 'लग्नात आलेली' म्हणून पटवणं अवघड जातं.

आणि घरातल्या बायकांची बचत. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने नोटाबंदीत २,११,५०० रुपये भरले होते. आयकर अधिकाऱ्याने ते बेहिशेबी धरले. त्या लढल्या, आणि जून २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांचं बेहिशेबी उत्पन्न धरू नये, असं सांगितलं. घरखर्चातून वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेल्या पैशाला न्यायाधिकरणाने मान दिला, याचं मला फार मोल वाटतं. मात्र तो दिलासा त्या काळापुरता आणि त्या मर्यादेपुरता होता. आज कपाटात पाच लाख साठवून एकदम भरले तर त्या निकालावर भिस्त ठेवता येणार नाही. आई, मावशी, आत्या यांना दर महिन्याला दोन-चार हजार खात्यात टाकायची सवय लावणं जास्त बरं. ही रक्कम खरोखर दरमहा वाचलेली असते, म्हणून यात तोडून भरण्याचा प्रश्नच येत नाही.

मोठी रोख भरायच्या आधी नोटा घरी तपासून घ्या. एकाच भरण्यात पाच किंवा जास्त बनावट नोटा निघाल्या तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो. चारपर्यंत निघाल्या तर त्या जप्त होतात आणि महिनाअखेर एकत्रित अहवाल जातो. जप्त नोटेची पावती मागून घ्या.

खातं सुटल्यावरही दोन कामं उरतात. बँकेकडून 'बंधन काढलं' असं लेखी घ्या, कारण आदेश कधी कधी एका खात्यावरून निघतो आणि त्याच ग्राहक क्रमांकाच्या एफडीवर किंवा दुसऱ्या खात्यावर तसाच राहतो. आणि या काळात कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम चुकला असेल, तर ते पत्र जोडून त्या कंपनीला दंड माफीसाठी अर्ज करा, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.